निवाडा वाचावयास शिका

ज्या समाजाच्या पाणवठ्याचा, उमेदवारीचा, धर्माचा आणि जातीच्या दाखल्याचा फैसला वेळोवेळी न्यायालयाच्या कागदावर झाला, त्या समाजातील पदवीच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींना तो कागद स्वतः वाचता येऊ नये, ही गोष्ट आम्हांस लाजिरवाणी वाटते. आमची मुले आज महाविद्यालयांत आहेत. राज्यशास्त्राच्या परीक्षेत ती मूलभूत हक्कांवर पानेच्या पाने लिहितात, खटल्यांची नावे व साले तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु त्यांच्या हाती एखादा मूळ निवाडा द्या आणि विचारा, "न्यायालयापुढे प्रश्न कोणता होता?" बहुतेकांची वाचा तेथेच बसते. दोष त्यांचा नाही. त्यांना निवाड्याविषयी सांगण्यात आले. निवाडा वाचावयास कोणी शिकविले नाही.

वाचकहो, ही उणीव केवळ परीक्षेपुरती असती तर आम्ही त्यावर अग्रलेख लिहिला नसता. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने पंजाब राज्य विरुद्ध दविंदर सिंग या खटल्याचा निवाडा दिला. त्यानंतरचे दिवस आठवा. आरक्षण गेले असे म्हणणारे भेटले, अनुसूचित जातींना क्रीमी लेअर लागू झाला असे छातीठोकपणे सांगणारे भेटले, आणि विशेष काही घडलेलेच नाही असे म्हणून झोपी जाणारेही भेटले. या तिन्ही प्रकारच्या माणसांपैकी निवाडा उघडून पाहिलेला माणूस मात्र क्वचितच भेटला.

ज्याने तो उघडला असेल त्यास काय दिसले असेल? साडेपाचशेहून अधिक पानांच्या त्या निवाड्यात सहा स्वतंत्र मतपत्रे आहेत. सहा न्यायमूर्ती एका बाजूस असून न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांचे मत विरुद्ध आहे. पीठाकडे सोपविलेला प्रश्न अनुसूचित जातींचे आरक्षणासाठी राज्यांना उपवर्गीकरण करता येईल काय, हा होता. येणार नाही, असे २००४ साली चिन्नय्या खटल्यात ठरले होते; ते २०२४ साली रद्द ठरले. उपवर्गीकरण करता येईल, मात्र त्यास मागासलेपणाच्या व अपुऱ्या प्रतिनिधित्वाच्या माहितीचा आधार पाहिजे, असे बहुमताने सांगितले. क्रीमी लेअरविषयी चार न्यायमूर्तींनी आपली मते नोंदविली आहेत हे खरे. पण पीठाकडे सोपविलेला प्रश्न तो नव्हता. ती मते दुर्लक्ष करण्याजोगी आहेत असे आम्ही म्हणत नाही. उद्या त्यांना वजन येऊ शकते, म्हणून तर ती बारकाईने वाचली पाहिजेत. परंतु न्यायमूर्तीचे मत आणि न्यायालयाचा निर्णय यांत अंतर असते. ते ज्यास कळत नाही तो एकतर नको तेथे घाबरतो किंवा घाबरावयाचे तेथे बेसावध राहतो. या निवाड्यास कोणी पाठिंबा द्यावा, कोणी विरोध करावा. आमच्या समाजात दोन्ही मते आहेत. पण पाठिंबा असो वा विरोध, तो न वाचलेल्या कागदास दिला जाऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

यास उपाय आहे, आणि तो फार खर्चाचा नाही. निवाडा वाचून त्याचे एका पानाचे टिपण तयार करणे, ही ती विद्या होय. अमेरिकेत हार्वर्ड येथे १८७० पासून लँगडेल या अध्यापकाने कायद्याचे शिक्षण मूळ निवाड्यांच्या वाचनावर उभारले, आणि तेथील विद्यार्थ्यास वर्गात येण्यापूर्वी असे टिपण करावयाची सवय लागली. आपल्याकडे ही विद्या वकिलीच्या वर्गापुरती राहिली आहे, आणि तेथेही ती सर्वत्र नीट शिकविली जाते असे नाही. ती कला शाखेच्या पदवीवर्गात, पहिल्याच वर्षी आली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टिपणाची घरे पाच. पहिले, हकीकत: कोण कोणाविरुद्ध न्यायालयात गेला, काय मागितले, खालच्या न्यायालयांत काय झाले. दुसरे, प्रश्न: न्यायालयास नेमके काय ठरवावयाचे होते. तिसरे, निर्णय: त्या प्रश्नाचे उत्तर होय की नाही. चौथे, कारण: ते उत्तर कोणत्या आधारावर दिले. पाचवे, पुढची गत: तो निवाडा नंतर टिकला की बदलला, आणि ज्या कायद्यावर तो उभा होता तो कायदा आज आहे तसाच आहे काय. पाच घरे सांगावयास सोपी आहेत. भरावयास बसले म्हणजे घाम फुटतो. म्हणून आमच्याच इतिहासातील तीन निवाडे घेऊन ती कशी भरावयाची ते आम्ही पुढे दाखवितो.

पहिला महाडचा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आमच्या घरातील लहान मूलही सांगते. पण त्या तळ्याचा दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात त्याचा शेवट झाला, हे कितीजण सांगतील? १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सवर्णांनी बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांच्यावर दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. तळे आमचे आहे, अस्पृश्यांनी तेथे न येण्याची वहिवाट अनादि काळापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे. खालच्या दोन्ही न्यायालयांत वादी हरले. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्या निवाड्यानेही ते हरले.

आता विद्यार्थ्यास विचारा: न्यायालयाने काय ठरविले? शंभरांतील नव्वद सांगतील, अस्पृश्यता बेकायदेशीर ठरविली. हे उत्तर चूक आहे. न्यायालयापुढील प्रश्न होता तो रूढीच्या पुराव्याचा. कायद्याच्या दृष्टीने रूढीस बळ यावयाचे तर ती स्मरणातीत काळापासून अखंड चालत आलेली आहे हे सिद्ध व्हावे लागते, आणि सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. वादींना तो भार पेलला नाही. निर्णय आमच्या बाजूने लागला, परंतु त्याचे कारण समतेचे तत्त्व नव्हते, पुराव्याचा अभाव होते. याचा अर्थ असा की, दुसऱ्या एखाद्या गावी, दुसऱ्या एखाद्या तळ्यावर, कोणी तसा पुरावा उभा केला असता तर या निवाड्याचा आधार आम्हांस पुरला नसता. अस्पृश्यता पाळणेच बंद झाले पाहिजे, हे ठरावयास संविधानाचे सतरावे कलम यावे लागले आणि २६ जानेवारी १९५० हा दिवस उजाडावा लागला. महाडचा विजय यामुळे लहान होत नाही. उलट, न्यायालयात मिळालेला विजय कोठवर पुरतो आणि त्यापुढे घटना का लिहावी लागते, हे त्या एका पानाच्या टिपणातून विद्यार्थ्यास जितके कळेल तितके दहा व्याख्यानांतून कळणार नाही.

दुसरा निवाडा भंडाऱ्याचा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा लोकसभेचा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. तेथील निवडणुकीचा वाद चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९५४ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निवाडा लिहिला. या निवाड्यात दोन प्रश्न एकमेकांशेजारी बसलेले आहेत, आणि नवशिक्या वाचकाची येथेच गल्लत होते. एक प्रश्न जसानी यांचा: ज्या पेढीत त्यांची भागीदारी होती तिचा सरकारला विड्या पुरविण्याचा करार होता, तेव्हा ते निवडणुकीस अपात्र ठरतात काय? न्यायालय म्हणाले, ठरतात. दुसरा प्रश्न गंगाराम ठवरे यांचा. ते जन्माने महार, पुढे महानुभाव पंथात गेलेले. राखीव जागेसाठी त्यांनी भरलेला उमेदवारी अर्ज, ते आता महार राहिले नाहीत असे म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने फेटाळला होता. पंथ स्वीकारल्याने जात जाते काय?

न्यायालयाने तीन गोष्टी पाहिल्या. जुन्या समाजाने त्या मनुष्यास कसे वागविले. त्या मनुष्याचा स्वतःचा हेतू काय होता. आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. पुरावा तपासून न्यायालय या निष्कर्षास आले की, ठवरे महारच राहिले होते आणि त्यांचा अर्ज फेटाळणे चूक होते. ती निवडणूक रद्द झाली. त्याच वर्षी भंडाऱ्याची जी पोटनिवडणूक झाली तीत राखीव जागेसाठी बाबासाहेब स्वतः उभे राहिले आणि पराभूत झाले. तो पराभव आमच्या स्मरणात आहे. तो प्रसंग ज्या निवाड्यातून उद्भवला तो निवाडा मात्र आमच्या स्मरणात नाही.

तिसरा निवाडा आम्हांस सर्वांत जवळचा आणि सर्वांत कठीण. पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम, साल १९६४. मेश्राम हे १९६२ साली महाराष्ट्र विधानसभेच्या राखीव जागेवर निवडून आले. त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला आहे, सबब ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, अशी त्यांच्या निवडीविरुद्ध तक्रार होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात तेव्हा असे होते की, हिंदू वा शीख यांहून वेगळा धर्म मानणारा मनुष्य अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. शिखांचा उल्लेख १९५६ साली घातलेला, बौद्धांचा नव्हता.

न्यायालयापुढे दोन गोष्टी आल्या. धर्म 'मानणे' म्हणजे काय, ही पहिली. न्यायालयाने म्हटले की, दीक्षेचा विधी यथासांग झाला की नाही याची छाननी करण्याचे कारण नाही. मनुष्याने आपला धर्म उघडपणे जाहीर केला म्हणजे तो त्या धर्माचा झाला. दुसरी गोष्ट शब्दाच्या अर्थाची होती. संविधानाच्या पंचविसाव्या कलमातील स्पष्टीकरणात हिंदू या शब्दात बौद्धांचा समावेश केला आहे, तोच अर्थ येथेही घ्यावा, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो नाकारला: ते स्पष्टीकरण त्या कलमातील त्या उपखंडापुरते आहे, ते उचलून दुसरीकडे लावता येत नाही. मेश्राम यांची निवड टिकली नाही.

या निवाड्याने आमच्या लोकांचे नुकसान केले, यात शंका नाही. ज्यांनी धर्म बदलला त्यांची वस्ती तीच राहिली, शेजार तोच राहिला, शेजाऱ्याची नजरही तीच राहिली. राखीव जागा मात्र गेली. तरीही आम्ही म्हणतो की, हा निवाडा आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा, आणि रागाने नव्हे, बारकाईने वाचावा. कारण त्यात आमच्या बाजूचेही एक वाक्य दडलेले आहे: धर्मांतरास उघड घोषणा पुरते, कोणा पुरोहिताचे वा सरकारी अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र त्यासाठी लागत नाही, हा त्याचा अर्थ होतो. आणि हिंदू शब्दाच्या त्या स्पष्टीकरणाचा दाखला देऊन बौद्ध हे हिंदूच आहेत असे जो आज सांगू पाहतो, त्यास हाच निवाडा सांगतो की, ते स्पष्टीकरण आपल्या जागेपुरतेच बोलते. नुकसान करणाऱ्या निवाड्यातही आपल्या उपयोगाचे काय आहे, हे रागावलेल्या माणसास दिसत नाही. टिपण करणाऱ्यास दिसते.

आता पाचवे घर भरा. १९९० साली संसदेने त्या तिसऱ्या परिच्छेदात बौद्ध हा शब्द घातला. जो मनुष्य मेश्राम खटल्याचे केवळ पहिले चार भाग लिहील तो आजही सांगेल की बौद्धास राखीव जागा नाही, आणि ते खोटे ठरेल. धर्म 'मानणे' या शब्दाचा त्या निवाड्यातील अर्थ वेगळा, आणि त्या अर्थाने बौद्धांवर ओढवलेला परिणाम वेगळा. परिणाम १९९० साली कायद्याने संपविला. न्यायालयाचे शब्द बदलता आले नाहीत तेव्हा ज्या आदेशावर ते शब्द उभे होते तो आदेशच संसदेत बदलला, ही चळवळीस मिळालेली केवढी मोठी शिकवण आहे!

भंडारा आणि मेश्राम हे दोन निवाडे शेजारी ठेवा, म्हणजे निवाडावाचनाचा सर्वांत अवघड धडा मिळेल. एकात पंथ बदलूनही मनुष्य महार राहिला, दुसऱ्यात धर्म बदलला म्हणून तो अनुसूचित जातीतून गेला. उथळ वाचक म्हणेल, न्यायालय दहा वर्षांत उलटले. सावध विद्यार्थी म्हणेल, थांबा, प्रश्न एकच होता काय? १९५४ साली जात सुटली काय, हे पाहावयाचे होते, म्हणून जुना समाज, हेतू आणि पंथाचे नियम तपासले गेले. १९६४ साली आदेशातील शब्दांप्रमाणे दुसरा धर्म मानला जातो काय, एवढेच पाहावयाचे होते. प्रश्न निराळे, म्हणून उत्तरे निराळी. दोन निवाड्यांत हा भेद दाखविता येणे, हेच वकिलाचे अर्धे कसब होय. आणि ते विसाव्या वर्षीच्या मुलीसही शिकविता येते.

शिकवावयाचे कसे? प्राध्यापक बंधुभगिनींना आमची नम्र सूचना अशी की, प्रथम तयार सारांश देणे बंद करावे. महिन्यास एकच निवाडा घ्यावा, तोही आखूड. पहिल्या तासाला विद्यार्थ्यांनी तो नुसता वाचावा आणि न कळलेल्या शब्दांखाली रेघ ओढावी. दुसऱ्या तासाला प्रत्येकाने एका पानात, स्वतःच्या शब्दांत, पाच घरे भरावीत. तिसऱ्या तासाला शेजाऱ्याचे टिपण तपासावे आणि प्रत्येक विधानावर एकच प्रश्न विचारावा: हे निवाड्याच्या कोणत्या परिच्छेदात आहे? ज्यास परिच्छेद दाखविता येत नाही ते वाक्य खोडावे. या एका नियमाने अर्ध्याहून अधिक चुका आपोआप गळून पडतात.

उरलेल्या चुका ठरावीक आहेत. विद्यार्थी वकिलाचा युक्तिवाद न्यायालयाचा निर्णय समजून उतरवून घेतो. मेश्राम खटल्यात तर हे हमखास घडते, कारण न्यायालय जो युक्तिवाद फेटाळणार आहे तो आधी सविस्तर मांडते. विद्यार्थी निवाड्याच्या माथ्यावर छापलेला सारांशच निवाडा समजतो; तो सारांश न्यायमूर्तींनी लिहिलेला नसतो. तो भिन्नमत वाचून भारावतो आणि ते हरलेले मत आहे हे विसरतो. आणि सर्वांत मोठी चूक ही की, त्यास काय व्हावयास हवे होते तेच तो न्यायालयाच्या तोंडी घालतो. महाडच्या निवाड्याविषयी आम्ही सारेच ही चूक करीत आलो आहोत.

इंग्रजीचे काय, असा आक्षेप येईल. आक्षेप खरा आहे. परंतु २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निवाड्यांचे अधिकृत अहवाल विनामूल्य खुले झाले आहेत आणि पुष्कळ निवाड्यांची मराठी भाषांतरेही तेथे मिळतात. भाषांतर समजण्यासाठी वापरावे, आधारासाठी मूळ इंग्रजी पाहावे, एवढी शिस्त पाळली तर मराठी माध्यमाचा विद्यार्थी मागे राहावयाचे कारण नाही. टिपण मराठीत लिहावे; कायद्याचे पाचपन्नास इंग्रजी शब्द वर्षभरात अंगवळणी पडतात.

दुसरा आक्षेप असा की, हे वकिलांचे काम आहे, सामान्य पदवीधराने यात का पडावे? यास आमचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. ते जून १९३५ मध्ये मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. वकील घडविण्याचे काम त्यांनी केलेच. परंतु आपल्या लोकांसाठी त्यांनी केवळ कायद्याचे महाविद्यालय काढून समाधान मानले नाही. १९४६ साली मुंबईस सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय उभारले, तेथे कला व विज्ञान शिकविण्याची सोय केली. शिकलेला प्रत्येक मनुष्य आपल्या हक्काचा कागद समजून घेण्यास समर्थ असावा, ही त्या खटाटोपामागील आकांक्षा नव्हती असे कोण म्हणेल? वकील खटल्याच्या दिवशी लागतो. जातपडताळणीची नोटीस, शिष्यवृत्तीचा नकार, बढतीतील डावलणूक ही मात्र वर्षभर घरात येतच असतात, आणि त्या वेळी घरात जो शिकलेला असेल त्याच्याकडेच आईबाप कागद घेऊन येतात.

यास्तव, वाचकहो, आमची आपणांस विनंती अशी आहे. आपल्या घरातील पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या मुलास वा मुलीस महाडच्या दाव्याची हकीकत विचारा. तिने तळ्याची गोष्ट सांगितली तर कौतुक करा, आणि मग विचारा, न्यायालयाने नेमके काय ठरविले? आपल्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर तासभर निघत असेल तर महिन्यातून एकदा एका निवाड्याचे टिपण वाचून दाखविण्यास तरुणांस सांगा. निवृत्त वकील, न्यायालयातील कारकून, प्राध्यापक यांनी त्या तासाला बसावे आणि चुका काढाव्यात. उद्या पुन्हा एखाद्या ऑगस्टमध्ये नवा निवाडा येईल. त्या सायंकाळी वस्तीत घबराट उठेल, तेव्हा कोणी एक मुलगी पुढे होऊन शांतपणे म्हणाली पाहिजे, "थांबा, मी वाचून सांगते. प्रश्न हा होता, निर्णय हा आहे, आणि हे मत आहे, निर्णय नव्हे." तिचे ऐकून घेतल्यावर मोर्चा काढावयाचा की नाही ते ठरवू.